शकुबाईचे दोन डावे कौल

राघोबाच्या घरात म्हैस कोणती घ्यायची हे बाजारात ठरत नसे, ते भवानीआईच्या देवळात ठरे. बोअर कुठे पाडायचं, यंदा सोयाबीन पेरावं की तूर, थोरल्या हरिओमने पुण्याच्या कंपनीत जावं की गावातच राहावं, सगळं आईला विचारून. बीदर जिल्ह्यातल्या कोहिनूर गावाबाहेर शेतांच्या कडेला हे लहानसं देऊळ आहे. आत हातभर उंचीची काळी मूर्ती, बाहेर कण्हेरीचं झाड. त्याच झाडाच्या दोन कळ्या तोडायच्या, पाण्यात बुडवायच्या आणि मूर्तीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या. प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवी म्हणजे मूर्तीची उजवी, आपली नव्हे. यावरून गावात भांडणंही झालेली आहेत.

कळ्या लावायच्या त्या घरातल्या बिनलग्नाच्या माणसाने. संसारात पडलेल्याचा हात कुठे ना कुठे ओढ घेतो, असं मानतात. हरिओमचं लग्न झाल्यापासून हे काम त्याच्या धाकट्या बहिणीकडे, दीपमालेकडे आलं होतं.

शेजारची सावित्रम्मा या प्रकाराला हसायची. ती बसवण्णांना मानणारी, गळ्यात लिंग. "आमचा देव गळ्यातच हाय, शकू," ती म्हणायची. "त्याला इचारलं तर तो म्हणतो, तुजं तू बघ."

"मग तुमचा देव कामाचा न्हाई की, अक्का," राघोबाची बायको शकुबाई म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

शकुबाई बारीक अंगाची, चालताना थोडी पुढे झुकणारी, बोलायच्या आधी पदर सारखा करणारी बाई. तिने कुणावर आवाज चढवल्याचं शेजाऱ्यांना आठवत नाही. सातवीपर्यंत शिकलेली. किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडाही ती वाचल्याशिवाय चुलीत घालत नसे, आणि अर्धी राहिलेली बातमी पुढे काय झाली असेल याचा विचार करत भाकरी थापत असे. दोन्ही पोरांचे पाढे तिने याच चुलीपुढे पाठ करून घेतले होते.

दीपमाला हुशार निघाली. ती दहावीत असताना बीदरजवळच्या एका निवासी कॉलेजाने तालुक्यातल्या मुलामुलींची परीक्षा घेतली, त्यात ती पास झाली. कॉलेज बघायला आईबापांना बोलावलं. राघोबाला ऊस पाठवायचा होता, म्हणून शकुबाईच पोरीबरोबर गेली. वर्ग, प्रयोगशाळा, जेवणघर, सगळं तिने बघितलं, पण तिचे पाय थांबले ते मुलींच्या वसतिगृहात. प्रत्येक खाटेशेजारी एक टेबल होतं, एकेकीचं वेगळं, वर वाचायचा दिवा. शकुबाईने कुणी बघत नाही असं बघून एका टेबलावर तळहात ठेवला.

तिथल्या माणसाने समजावून सांगितलं. बसवजयंतीच्या आत नाव पक्कं केलं तर निकाल कसाही लागो, मुलीची जागा आणि खाट नक्की. पण शाळेचा दाखला कॉलेजात जमा होईल आणि मग दुसरीकडे कुठे जाता येणार नाही. निकालानंतर याल तर गुणांवर बघू, तेही जागा उरल्या तर.

दीपमालेच्या मनात मात्र लातूरचं नावाजलेलं कॉलेज होतं. तिच्या शाळेतल्या एका सरांनी म्हटलं होतं, "तू लातूरची पोरगी आहेस." बस, तेव्हापासून ती मनाने लातूरला राहायला गेली होती. लातूरचं ते कॉलेज आधी कुणाचं नाव घालून घेत नाही. निकाल लागल्यावर गुणांच्या याद्या लागतात.

म्हणजे प्रश्न एकच होता. आता बांधून घ्यायचं, की निकालापर्यंत थांबायचं.

"मला शंभरात पंच्याण्णव पडतेत बग, माय," दीपमाला म्हणायची.

"आन न्हाई पडले तर?"

"पडतेत म्हणले की!"

राघोबाला विचारावं तर तो खांद्यावरचा टॉवेल काढून झटकायचा आणि परत खांद्यावर ठेवायचा. "मला काय कळतंय त्यातलं? आईला इचारू."

शकुबाईला बीदरचं कॉलेज हवं होतं. रात्रंदिवस तिच्या डोळ्यांपुढे ते टेबल होतं. पण ती पोरीला तसं म्हणाली नाही. आपल्याला वाटतं म्हणून लेकराचं ठरवून टाकायचं, हे तिला चोरी केल्यासारखं वाटे. आई ठरवील. आपली इच्छा आईच्या कानावर घालायची नाही, नुसता प्रश्न विचारायचा.

बसवजयंतीच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी तिघं देवळात गेली. सावित्रम्मा शेताला निघाली होती, तीही पायरीवर टेकली. दीपमालेने कळ्या तोडल्या, तांब्यात बुडवल्या आणि बाकीच्यांना पाठमोरी बसून मूर्तीला लावू लागली.

सावित्रम्मा म्हणाली, "का गं शकू, सवाल जिचा, तीच फुलं लावायली?"

"दुसरं कोण हाय बिनलग्नाचं घरात? लेकराच्या हातात काय पाप, अक्का."

शकुबाईने विचारलं, "आई, बीदरला आत्ताच नाव घालावं का?" प्रश्न संपतो न संपतो तोच डावी कळी टपकन खाली पडली. उजवी जागची हलली नाही. आई इतक्या लवकर कधी बोलली नव्हती.

"न्हाई म्हणली," राघोबा म्हणाला. त्याला बरंच वाटलेलं दिसलं. एक काम मिटलं.

शकुबाईने हात जोडले. घरी येताना ती स्वतःचीच समजूत काढल्यासारखी दीपमालेला सांगू लागली, "मला बी डावाच लागला हुता. सातवीला शाळेत मी पहिली आले. हायस्कूल राजेश्वरला. मला लई जायचं हुतं. अप्पा म्हणले, आईला इचारू. आमच्या वाडीतबी असंच देऊळ हाय. डावी पडली. संपलं. पण मला कधी वाईट वाटलं न्हाई बग. तिनंच न्हाई म्हणलं, मग रडायचं कुणापुढं? तिच्या मनात कायतर असंल."

पुढे चाललेली दीपमाला जराशी थांबली. चपलेत खडा गेला असावा असं शकुबाईला वाटलं.

निकाल मेमध्ये लागला. दीपमालेला सव्वासहाशेपैकी पाचशे एक्केचाळीस गुण पडले. गावात पेढे वाटावेत असे गुण होते, आणि राघोबाने वाटलेही. पण लातूरची पहिली यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. दुसरी लागली, त्यातही नव्हतं. राघोबाने बीदरला फोन केला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, मुलींच्या जागा बसवजयंतीलाच भरल्या.

पोरगी दोन दिवस तोंडावर ओढणी घेऊन पडून होती. शकुबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "उगं रडू नको. तू थांब म्हणलीस म्हणून थांबलो का आपण? आईनं थांबिवलं. तिची मर्जी." ती असं म्हणाली की दीपमाला जास्तच रडायची. याचा अर्थ तेव्हा शकुबाईला लागला नाही.

आता उरलं होतं कल्याणचं सरकारी कॉलेज. बसवकल्याणला इकडे सगळे कल्याणच म्हणतात. सावित्रम्माची नेत्रावती तिथे बारावीला होती, रोज बसने जाऊन येऊन करायची. पण राघोबाच्या बहिणीने फोनवर वेगळंच काढलं. रोजच्या त्या गर्दीच्या बसने पोरीला कशाला पाठवता? वर्षभर घरी ठेवा, शिवणकाम शिकवा, पुढचं पुढे बघू. राघोबाने टॉवेल झटकला.

"उंद्या आईला इचारू," तो म्हणाला.

त्या दुपारी मायलेकी पडवीत चिंचा फोडत बसल्या होत्या. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे. शकुबाई म्हणाली, "सकाळी लवकर ऊठ. न्हाऊन चांगल्या दोन कळ्या काढ."

"मी न्हाई लावणार."

"का गं? अडचण हाय का?"

"न्हाई." दीपमालेचे हात थांबले. "डावी पडली तर मला घरी बसावं लागंल."

"पडंना का. आईच्या मनात—"

"माय, आईच्या मनात काय न्हवतं! मागच्या बारीला मी गूळ लावला हुता."

शकुबाईला आधी समजलंच नाही. "कशाला गूळ?"

"उजव्या कळीला. खालून. चिकटून बसावी म्हणून. मला लातूरला जायचं हुतं, मला वाटलं गुण पडतेत." आणि ती जोरात रडू लागली.

शकुबाई चिंच फोडत राहिली. एक, मग दुसरी. गर चिंचोक्यांत पडला, चिंचोके गरात. मग तिने विचारलं, "ही अक्कल तुला कुणी दिली?"

दीपमालेने ओढणीने नाक पुसलं.

"कुणी शिकिवलं?"

"वेंकटमामानं."

"कवा?"

"दिवाळीत. हसत हसत सांगितलं. म्हणला, तुमच्या घरात फुलं तुझ्याच हातात हायती, मग भेतीस कशाला? जरासा गूळ लाव." ती पुढे बोलली ते इतकं हळू की शकुबाईला वाकून ऐकावं लागलं. "म्हणला, तुझ्या मायच्या बारीला मी तसंच केलं हुतं."

पडवीत माशा चिंचांवर घोंगावत होत्या. शकुबाईला ती शुक्रवारची वाट आठवली. "मी तुला सांगायले हुते तवा," ती म्हणाली, "वाटंनं येताना... तुला ठाऊक हुतं?"

दीपमालेने होकारार्थी मान हलवली.

"आन तू ऐकून घेतलंस."

दुसऱ्या दिवशी देवळात कुणी गेलं नाही. शकुबाई सकाळच्या बसने राजेश्वरला गेली. तिथे स्टँडजवळ वेंकटचं खताबियाण्यांचं दुकान आहे. वेंकट तिचा थोरला भाऊ. गोल चेहऱ्याचा, मोठ्याने बोलणारा, बहिणीला पाहिलं की आधी काहीतरी खायला मागवणारा. मृगाच्या तोंडावर दुकानात गर्दी होती. तिला बघून तो गल्ल्यावरून उठला.

"अगं शकू! फोन करायचास की, मोटारसायकल घेऊन आलो असतो. बस, बस. थंडं मागवतो."

"दादा, माजा कौल कुणी लावला हुता?"

"कंचा कौल?"

"सातवीच्या बारीचा."

वेंकट हसला. गिऱ्हाइकाला पोतं दाखवून तो तिच्याजवळ आला. "पोरीनं सांगितलं व्हय? लई तोंडाळ हाय की तुजी पोरगी. तिला म्हणलं हुतं, पोटात ठेव."

"तू लावलास का न्हाई?"

"बिनलग्नाचा मीच हुतो घरात. दुसरं कोण लावणार?"

"गूळ लावून?"

"आता काय काढायलीस शकू हे! म्हातारी व्हायला आलीस."

"लावलास का न्हाई ते सांग."

त्याने इकडेतिकडे बघितलं. आवाज खाली आला. "अप्पानी सांगितलं म्हणून लावला. तुला राजेश्वरला रोज चालत पाठवायचं, पोरांच्या संगट, अप्पाच्या मनाला येईना. पण तुला न्हाई म्हणवंना त्यांच्याच्यानं. तू लाडकी. म्हणले, मी न्हाई म्हणलो तर पोरगी जन्मभर तोंड बघायची न्हाई. आईनं म्हणलं तर गप बसंल." आणि मग जरा उजळून तो म्हणाला, "आन बसलीसच की गप! एक टिपूस काढलं न्हाईस."

"न्हाई काढलं."

"मग? बरंच झालं न्हाई का? घरात तंटा न्हाई, काय न्हाई."

कुणीतरी थंड्याची बाटली आणून तिच्यापुढे ठेवली. शकुबाईने ती उचलली नाही.

"दादा, अप्पा न्हाई म्हणले असते तर मी भांडले असते. जेवले नसते. आत्याच्या गळ्यात पडले असते. गुरुजींना घरी आणून बसिवलं असतं. अप्पा माझ्यापुढं किती टिकतेत तुला ठाऊक हाय." तिने पदर सारखा केला. "ऐकले असते, न्हाईतर नसते ऐकले. पण तुमी मला भांडूच दिलं न्हाई."

"अगं, अप्पा जाऊनबी इतकी वरसं झाली—"

"म्हणून तर तुला इचारायले."

वेंकटने बाटली तिच्याकडे सरकवली. "मग आता काय करू? पाया पडू तुझ्या?" त्याने हसून बघितलं, पण ती हसली नाही. ती उठली आणि स्टँडवर जाऊन उन्हात बसची वाट बघत उभी राहिली. मागून दुकानातून तो दोनदा "शकू, ए शकू" म्हणाला. तिसऱ्यांदा गिऱ्हाईक आलं.

बसमध्ये तिला अप्पांवर रागावताही येईना. ते तिला खांद्यावर घेऊन जत्रेला नेत, पहिली शेंग फोडून तिच्या तोंडात घालत. त्या माणसाने तिच्यावरच्या मायेपोटी तिला फसवलं होतं, आणि ती माया आता तिला नीट आठवेनाशी झाली. मग एकेक कौल तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागला. हरिओमला आईने पुण्याला जा म्हटलं होतं. ती आई होती की हरिओम? बोअरच्या वेळी कळ्या कुणी लावल्या होत्या? तिचं लग्न? वाडीत विचारलं होतं कोहिनूरला द्यावी का म्हणून. उजवा लागला होता. तेव्हाही वेंकटच होता बिनलग्नाचा.

आणि त्या सातवीच्या कौलानंतर तिने आईजवळ स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. सगळ्यांसाठी विचारलं, नवऱ्यासाठी, पोरांसाठी, म्हशीसाठी. आपल्याला एकदा नाही म्हटलेलं आहे, पुन्हा कशाला तिला अडचणीत टाका, असं तिला वाटे. आईने तर तिला कधी नाही म्हटलंच नव्हतं.

घरी आली तेव्हा राघोबा ओसरीवर बसला होता. पोरीने त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं. ती आत दाराआड उभी होती.

"मला ह्यातलं काय ठाऊक न्हवतं, शकू," तो म्हणाला. "आईशप्पत—"

शकुबाईने त्याच्याकडे बघितलं. तो तिथेच थांबला.

थोड्या वेळाने त्याने टॉवेल हातात घेतला. "मग आता पोरीचं कसं करायचं? शेजारचं एखादं लेकरू घेऊन जाऊ का, कळ्या लावायला? कल्याणला पाठवायची का घरी ठेवायची, तेवढं तरी..."

"मला इचारा."

"आँ?"

"मला इचारा म्हणले."

राघोबाने टॉवेल खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा प्रश्न समोरासमोर कसा विचारायचा हे त्याला कळेना. शेवटी तो चाचरत म्हणाला, "कल्याणला... घालावं का, शकू?"

"घालायचं. उंद्याच जायचं. तुमच्या बहिणीचा फोन आला की माझ्याकडं द्या."

आतून दीपमाला धावत आली, गळ्यात पडायला. शकुबाईने तिला हाताने थांबवलं. जोरात नाही, पण थांबवलं.

"तुझ्यावर खूश होऊन न्हाई पाठवायले मी," ती म्हणाली. "तुला लातूर पायजे हुतं तर माझ्याशी भांडायचं. मी काय अप्पा न्हाई. भांडली असतीस तर मीबी सांगितलं असतं, मला बीदर पायजे हुतं म्हणून."

"तू म्हणलीच न्हाईस, माय."

"व्हय. म्हणले न्हाई." हे मात्र तिने मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी दोघी कल्याणला गेल्या. बसमध्ये दीपमालेने आईसाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती. शकुबाई दोन रांगा मागे, एका अनोळखी म्हातारीशेजारी बसली.

पंचमीला वेंकट नेहमीप्रमाणे बहिणीला माहेरी न्यायला आला. बांगड्यांचा जोड आणला होता. शकुबाईने त्याला चहा दिला, पुरणपोळी वाढली, वहिनीची चौकशी केली. तो म्हणाला, "चल, आवर." ती म्हणाली, "मी येत न्हाई, दादा." कारण सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. जाताना उंबऱ्यात त्याने बांगड्या ठेवल्या. त्या तिने सावित्रम्माच्या हातात भरल्या. सावित्रम्माने कधी नव्हे ते काही चेष्टा केली नाही.

देवळात शकुबाई अजून जाते. शुक्रवारी दिवा लावते, मूर्ती पुसते, ओटी भरते. विचारत काही नाही. कण्हेरीच्या कळ्या झाडावर उमलून जातात.

दीपमालेचा डबा ती पहाटे उठून भरते. भाजीत तेल जरा जास्त घालते, दुपारपर्यंत भाकरी कोरडी लागू नये म्हणून. पोरीशी बोलते, अभ्यासाचं विचारते. फक्त तिने सांगितलेली गोष्ट आता ती लगेच खरी धरत नाही. आज सर आले नाहीत म्हणाली, जादा तास होता म्हणाली, की शकुबाई हं म्हणते आणि मग काहीतरी निमित्त काढून शेजारी जाते. विरजण मागायला, सूप परत द्यायला. तिथे नेत्रावतीला सहज विचारावं तसं विचारते. दीपमालेला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

परवा बस वाटेत कुठे तरी बंद पडली आणि पोरी अंधार पडताना घरी आल्या. दीपमालेने दप्तर ठेवलं नाही, पाणी घेतलं नाही. अंगणातूनच तिने शेजारी हाक मारली, "नेत्राक्का! जरा इकडं ये गं. मायला सांग गाडी कशानं लेट झाली."

"मी कुठं इचारलं?" शकुबाई चुलीपुढून म्हणाली.

"आता इचारशीलच की."

नेत्रावती येऊन दारात उभी राहिली आणि स्प्रिंगचा पाटा तुटला, ड्रायव्हर पायी गेला, दुसरी गाडी आली, असं सगळं सांगू लागली. दीपमाला भिंतीला टेकून खाली बघत उभी होती. शकुबाईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग नेत्रावतीलाही ताट वाढलं.